दोन शब्दांची किंमत



दर रविवारी सकाळी वंदना आटोपली, की आमच्या गावच्या विहारात इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग म्हटले तरी बाके नाहीत. एक सतरंजी आहे, एक काळा फळा आहे आणि शिकवायला आम्ही आहोत. आम्ही बी.कॉम. झालेले, आठवडाभर एका कचेरीत आवक-जावक आणि फायली सांभाळणारे कारकून. आमचे इंग्रजी कचेरीच्या पत्राच्या पलीकडे फारसे जात नाही. तरी आम्हांला मुले ‘सर’ म्हणतात, कारण दुसरा कोणी शिकवायला येत नाही.

मुले जुन्नर तालुक्यातल्या चार-पाच वाड्यांतली आणि काही हद्दीपलीकडची, आंबेगाव तालुक्यातली. कुणाचे वडील नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये हमाली करतात, कुणाची आई कांद्याच्या लावणीला रोजाने जाते, कुणाचा भाऊ चाकणच्या कंपनीत कंत्राटावर आहे. दहावीत इंग्रजीत गळू नये, एवढाच आमचा पहिला हेतू होता.

हेतू बदलला तो बी.ए.ला असलेल्या एका मुलीमुळे. ती एके दिवशी म्हणाली, “सर, आमच्या घरी बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आहेत. दर चौदा एप्रिलला आम्ही त्यांना हार घालतो. पण उघडून एक पान वाचता येत नाही. मग ते घरात असून काय उपयोग?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. कारण आमच्या घरीही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली छापलेले ते खंड आम्ही मोठ्या अभिमानाने विकत घेतले, काचेच्या कपाटात लावले आणि वाचले मात्र मराठी अनुवाद, तेही जयंतीच्या भाषणापुरते. पुढच्या रविवारी ती मुलगी नववा खंड पिशवीत घालून घेऊन आली. त्यात पुणे कराराची मूळ इंग्रजी कलमे आहेत. कलमे फक्त नऊ. आम्ही ठरवले, एका रविवारी एक कलम वाचायचे.

बंधू-भगिनींनो, नऊ कलमे वाचायला आम्हांला नऊ महिने लागले. अवघड शब्दांनी आम्हांला अडवले नाही. अवघड शब्द डिक्शनरीत सापडतो. अडवले ते सोप्या शब्दांनी, जे आपल्याला येतात असे वाटते त्यांनी.

‘फास्ट’ हा शब्द बघा. मुलांना फास्ट म्हणजे वेगवान गाडी. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबर १९३२ ला फास्ट सुरू केला आणि २६ सप्टेंबरला सोडला, हे वाचून एका पोराने विचारले, “सर, तुरुंगात फास्ट काय सुरू केलं?” उपवास हा अर्थ कळल्यावर मुले हसली. मग आम्ही सांगितले, की हा साधा एकादशीचा उपास नव्हे. हा प्राणांतिक उपवास होता आणि तो अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध होता. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर गावोगावच्या आपल्या वस्त्यांवर काय ओढवले असते, ही धास्ती बाबासाहेबांच्या डोक्यावर होती. तेव्हा हसणे थांबले.

‘फ्रँचाइज’ म्हणताच एकजण म्हणाला, “वडापावच्या दुकानाची असते ती.” तो शब्द सातव्या कलमात आहे आणि त्याचा अर्थ मताधिकार. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब ज्यासाठी भांडले, तो हाच. त्या काळी मत सर्वांना नव्हते. मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यालाच होते. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याला शाळेत बसू दिले नाही, त्याच्याकडे मत तरी कोठून येणार? १९५० च्या संविधानाने ते प्रत्येक प्रौढाला दिले. आज आपण मतदानाच्या दिवशी रांगेत कंटाळतो, तेव्हा हा शब्द आठवावा.

‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे शब्द तर करारात पानोपानी आहेत. मुलींनी सांगितले, डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार, गोळ्या घ्याव्या लागतात. आम्ही फळ्यावर शब्द तोडून दाखवला. त्यात ‘प्रेस’ आहे. प्रेस म्हणजे दाबणे. कपडा आपण होऊन दाबला जात नाही, वरून कोणी इस्त्री फिरवतो. तसे हे वर्ग दाबलेले, दाबणारा कोणी आहे म्हणून. पण हे नाव खुद्द बाबासाहेबांना मान्य नव्हते. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी निवेदन दिले, की हे नाव बदला. त्याऐवजी सुचवलेल्या नावांत एक नाव होते ‘प्रोटेस्टंट हिंदू’. प्रोटेस्ट करणारे, म्हणजे हरकत घेणारे. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो आमच्या घरात येणार आहे.

पुढे ‘डिप्रेस्ड’ जाऊन ‘शेड्युल्ड’ आले. १९३५ च्या कायद्याखाली १९३६ मध्ये जातींची यादी निघाली. शेड्युल म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, अनुसूची. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला कॉलेजात कोणी ‘एस.सी.’ म्हटले की मान खाली घालतो. त्याला आम्ही बी.कॉम.च्या पुस्तकातला दाखला दिला. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याला दुसरी अनुसूची आहे, तिच्यात ज्या बँकेचे नाव आहे ती ‘शेड्युल्ड बँक’. ती बँक पाटीवर हे अभिमानाने लिहिते. शब्द तोच. बँकेला ज्याची लाज नाही, त्याची तुला का असावी? त्या दिवसापासून पोरगा थोडा ताठ बसतो.

‘बॉयकॉट’ हा शब्द करारात नाही, पण त्याच्यासाठी आम्ही एक रविवार खर्च केला. कारण आंबेगाव तालुक्यातल्या मुलांना बाबू गेनू माहीत आहे. म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. विदेशी मालावरचा बहिष्कार, तो बॉयकॉट. हा शब्द इंग्रजीत आला १८८० मध्ये, आयर्लंडमधून. तेथे बॉयकॉट नावाचा एक कप्तान जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी व्यवहार तोडला आणि त्याचे नावच शब्द होऊन बसले. म्हणजे शब्द जन्मला तो गरिबांचे हत्यार म्हणून.

पण आपल्याकडे तेच हत्यार गरिबांवर चालत होते. ज्या १९३० साली बाबू गेनू हुतात्मा झाले, त्याच साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल निघाला. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्याने रस्ता, पाणवठा, हक्क मागितला की गाव त्याचे काम बंद करते, कसायला दिलेली जमीन काढून घेते, वाण्याकडून सामान मिळू देत नाही, हे त्या अहवालात नोंदले आहे. सामाजिक बहिष्कार तो हाच. त्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. एकाच शब्दाला दोन धारा असतात. तो कोण कोणाविरुद्ध वापरतो, हे विचारल्याशिवाय शब्द कळला असे म्हणू नये.

इथवर आम्ही शिकवत होतो. आता आम्ही जे शिकलो ते सांगतो.

करार का झाला हे समजायला त्याच्या आधीचा ‘कम्युनल अवॉर्ड’ समजायला हवा. १९३२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी तो जाहीर केला. आम्ही विचारले, “अवॉर्ड म्हणजे काय?” नववीतला एक मुलगा झटकन उठला. “सर, पुरस्कार! बाबासाहेबांना इंग्रजांनी दिला.”

मोठी मुले हसली. आम्ही त्याला खाली बसवून म्हणालो, “नाही रे, येथे तसा अर्थ नाही. येथे म्हणजे...” आणि आम्ही अडखळलो. जातीय निवाडा हे मराठी नाव पाठ होते, पण अवॉर्डचा निवाडा कसा होतो हे पोराला पटेल असे सांगता येईना.

तेव्हा दाराशी खांबाला टेकून बसलेले आमचे आबा बोलले. आबा ऐंशीच्या घरात आहेत, शिकले चौथीपर्यंत. रविवारी वंदनेला येतात आणि नातवंडांचा वर्ग ऐकत बसतात. ते म्हणाले, “आरं, अवार्ड म्हंजे निवाडा. दोघांचं जमत न्हाई, मंग वरचा साहेब आकडा ठरवतो न् हुकूम काढतो, त्यो अवार्ड. आपल्या रानाचा न्हवता का झाला?”

आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला हा शब्द डिक्शनरीत बघावा लागत नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे या दोन तालुक्यांत झाली. डिंभे धरणात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच पाण्याखाली गेले. धरण झाले, कालवे झाले, रस्ते झाले. जेथे जेथे जमीन गेली तेथे भूसंपादनाचा अवॉर्ड झाला. बी.कॉम. झालेल्या आम्हांला जे सांगता आले नाही, ते चौथी शिकलेल्या आबांनी एका वाक्यात सांगितले.

आमच्या घरचा अवॉर्ड झाला १९९६ साली. आमची एकवीस गुंठे जमीन गेली. काम कोणते, कचेरी कोणती, हे येथे लिहीत नाही. दोष कचेरीला द्यायचाही नाही, कारण कागद वाचणारे आम्हीच होतो. आम्ही तेव्हा एफ.वाय.बी.कॉम.ला होतो. आबांनी आम्हांला मुद्दाम बरोबर नेले होते, पोरगं कॉलेजात आहे, इंग्रजी वाचील म्हणून. आम्ही पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि ऐटीत म्हणालो, “आबा, पैसे मिळाले एवढंच लिहिलंय. करा सही.” आबांनी सही केली.

शेजारच्या बांधाच्या मालकांनीही त्याच दिवशी सही केली. त्यांचा भाचा एका वकिलाकडे कामाला होता. त्याने सहीच्या वर हाताने दोन इंग्रजी शब्द लिहायला लावले, ‘अंडर प्रोटेस्ट’. म्हणजे, पैसे घेतो, पण हा निवाडा मान्य नाही, हरकत राखून घेतो. १८९४ च्या त्या कायद्यात तसे नमूद न करता जो पैसे घेईल, त्याला रक्कम वाढवून मागण्यासाठी कलम १८ खाली कोर्टाकडे जाता येत नसे. शेजारी गेले. काही वर्षांनी कोर्टाने त्यांचा मोबदला वाढवला. त्यानंतरही कलम २८-अ प्रमाणे आम्हांला तीन महिन्यांच्या आत अर्ज करून तोच दर मागता आला असता. हेही आम्हांला कळले ते मुदत उलटल्यावर. त्या वर्षी धाकट्या बहिणीच्या डी.एड.च्या फीची जुळणी झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न करून दिले. बहीण कधी काही बोलली नाही. आबाही बोलले नाहीत. आम्ही मात्र ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती.

तर त्या रविवारी आम्ही अवॉर्ड समजावून दिला. निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक आपल्या मतदारसंघात, आपल्याच मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी. दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारात प्रांतांच्या विधिमंडळांतल्या जागा जवळजवळ दुप्पट, म्हणजे १४८ झाल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरे मतही गेले. दहा वर्षांपुरती एक प्राथमिक निवडणूक ठेवली. तिच्यात आपल्या मतदारांनी चौघांची नावे काढायची आणि त्या चौघांतून एक निवडायचा तो सर्वांच्या संयुक्त मतांनी. आम्ही मुलांना गावच्या ग्रामपंचायतीचे उदाहरण दिले. राखीव जागेवर उभा आपला माणूस राहतो. पण निवडून कोणाच्या मतांनी येतो, आणि निवडून आल्यावर कोणाचे ऐकतो? मोठ्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांना अधिक सांगावे लागले नाही.

वर्ग संपत आला तेव्हा आबांनी विचारले, “बाबासायबांनी त्या करारावर सही केली तवा वर ते दोन शब्द लिव्हले हुते का?”

आम्ही चमकून त्यांच्याकडे पाहिले. एकोणतीस वर्षे आबा ते दोन शब्द मनात धरून होते.

विहारात सारे गप्प झाले. आम्ही खंड उघडला. करारात ते शब्द नाहीत. आम्ही तसे सांगितले. आबा म्हणाले, “मंग? त्यांची बी मुदत गेली?”

याचे उत्तर द्यायला आम्ही एक आठवडा मागून घेतला. रात्री जागून जेवढे वाचता आले तेवढे वाचले आणि पुढच्या रविवारी मुलांसमोर, पण खरे तर आबांना, सांगितले. बाबासाहेबांनी सहीच्या वर लिहिले नाही, कारण समोर एका माणसाचा प्राण आणि मागे आपल्या लाखो माणसांचा जीव होता. पण त्यांनी हरकत सोडली नाही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या नावाचे पुस्तक त्यांनी १९४५ मध्ये लिहिले, त्यात या कराराचा जमाखर्च मांडला. १९४६ च्या जुलैमध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला, त्यात पुणे कराराचा निषेध होता. आपलीच माणसे पुण्याच्या रस्त्यावर उतरली आणि तुरुंगात गेली. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा केली. ती मान्य झाली नाही. पण लेखी राहिली.

आबांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, “म्हंजे त्यांनी मागनं लिव्हलं. पन लिव्हलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “इंग्रजीत लिव्हलं म्हून तुमाला वाचता येईना व्हय?”

हो आबा, म्हणूनच.

कधी कधी आमचेच कार्यकर्ते विचारतात, की परक्याची भाषा शिकण्याचा एवढा आग्रह कशाला? त्यांना आम्ही जुन्नरची लेणी दाखवतो. नाणेघाटाने व्यापार चालायचा त्या काळी यवन येथे आले. त्यांनी दान दिले आणि आपली नावे कोरली ती आपल्या ग्रीक भाषेत नव्हे, येथल्या लोकांच्या प्राकृतात आणि ब्राह्मी अक्षरांत. परकी भाषा घेतल्याने ते लहान झाले नाहीत. त्यांचे दान दोन हजार वर्षे वाचता येते आहे. बाबासाहेबांनी इंग्रजी घेतली ती लंडनमध्ये राज्यकर्त्यांच्या समोर बसून हिशेब मागण्यासाठी. मराठी त्यांनी सोडली नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीतच निघाले.

आता आमच्या वर्गात प्रत्येक मुलाकडे एक वही आहे. पानावर चार रकाने आखले आहेत. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्याचा रोजचा अर्थ, तिसऱ्यात बाबासाहेबांच्या लिखाणातला अर्थ आणि चौथ्यात तो शब्द कोणत्या साली कोणी वापरला. आठवड्याला पाच शब्द. घरातल्या मोठ्या माणसाला तो शब्द विचारायचा, असाही नियम केला आहे. कारण कोणता शब्द कोणाच्या अंगावरून गेला आहे, हे आम्हां शिकवणाऱ्यांना काय ठाऊक?

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहायला लावले, समोर ‘हरकत राखून’. १८९४ चा तो कायदा गेला, १ जानेवारी २०१४ पासून नवा लागू झाला. पण हे दोन शब्द नव्या कायद्यातही आहेत. रस्त्यासाठी, कालव्यासाठी कोणाच्या दारात नोटीस येईल सांगता येत नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आबांनी एका पोराची पाटी मागून घेतली. त्याने लिहिलेले ते दोन शब्द बघून बघून, थरथरत्या हाताने दोनदा गिरवले. आम्ही म्हणालो, “आबा, आता कुठं सही करायची आहे?” ते म्हणाले, “करायची न्हाई. पन कसं लिव्हत्यात ते बघू दे की.”

आमची वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. घरात खंड असेल तर या रविवारी हार बाजूला करून तो उघडा. मुलामुलींना मध्ये बसवा. एक पान, नाही तर एक ओळ वाचा, आणि जो शब्द अडेल तो वहीत लिहा. आणि कोणताही कागद पुढे आला, तर पोरगं कॉलेजात आहे एवढ्या भरवशावर सही करू नका. पोराला आधी विचारा, यातला प्रत्येक शब्द तुला कळला का? आम्हांला आबांनी तसे विचारले असते, तर आम्ही त्या दिवशी खोटे बोललो नसतो.

जयभीम.